तपासनीस आधी येतो तेव्हा

'तपासणी' हा शब्द ऐकला की शिक्षकाच्या पोटात गोळा येतो. वास्तविक आमचे निम्मे आयुष्य तपासण्यातच गेले. पण ते दुसऱ्यांचे तपासणे. त्यामुळे २०२४ च्या पावसाळ्यात महाविद्यालयातील एका बैठकीला संस्थेचे अंतर्गत लेखापरीक्षक येऊन बसलेले दिसले, तेव्हा आम्हा मराठी विभागातील दोघांनाही एकच प्रश्न पडला : अजून एक रुपयाही खर्च झालेला नाही, मग हे गृहस्थ आत्ताच कशाला?

बैठक होती ती प्रवेश, विषयनिवड, हजेरी आणि अंतर्गत गुण यांच्या नोंदी वह्यांतून संगणकावर नेण्यासाठी. नव्या शैक्षणिक धोरणाचा श्रेयांकांचा आराखडा त्याच वर्षी, म्हणजे २०२४-२५ पासून, आमच्याकडे लागू होत होता आणि जुन्या वह्यांना तो पेलणार नाही, यावर सर्वांचे एकमत होते. लेखापरीक्षक तासभर नुसते ऐकत होते. मग त्यांनी कार्यालयाच्या भाऊसाहेबांना विचारले, "भाऊसाहेब, जुनी वही नक्की कोणत्या तारखेला बंद करणार?" उत्तर कोणापाशीच नव्हते. नंतर ते आमच्याकडे वळले.

"सर, एखाद्या मुलीचे गुण चुकीचे चढले, तर ते सर्वांत आधी कोणाच्या लक्षात येईल?"

"तिच्याच."

"केव्हा?"

"निकाल लागल्यावर."

त्यांनी ते वहीत टिपून घेतले. चेहऱ्यावर काही दिसले नाही. ओशाळलो ते आम्हीच.

त्यांच्या आग्रहावरून एका वर्गाच्या नोंदी महिनाभर दोन्हीकडे ठेवल्या गेल्या. दुप्पट कामाबद्दल आम्ही पुरेशी कुरकुर केली, हे कबूल करायला हवे. महिन्याअखेर दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या, तर अकरा विद्यार्थ्यांचा मेळ बसेना. पहिल्या आठवड्यात हिंदी सोडून मराठीकडे आलेली ही मुले. भाऊसाहेबांच्या वहीत तांबड्या शाईने हिंदी खोडून मराठी लिहिलेले होते. संगणकाने मात्र मूळ अर्जच प्रमाण मानला होता. उत्तनहून पहाटेची बस धरून आमच्या पहिल्या तासाला न चुकता येणारी एक मुलगी पडद्यावर हिंदीच्या वर्गात महिनाभर गैरहजर होती! प्रणाली करणाऱ्यांना तरी दोष कसा द्यावा? आमच्याकडे विषय असे बदलले जातात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तांबड्या शाईचा हा व्यवहार आम्हाला इतका अंगवळणी पडला होता, की तो सांगण्याजोगा आहे असे वाटलेही नव्हते.

महिनाभराची ही रंगीत तालीम झाली नसती तर काय झाले असते, याचे मोठ्या मापातले चित्र मुंबई विद्यापीठाच्या परिघातील वाचकांना वेगळे दाखवायला नको. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकाच हंगामात संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरले. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, काही निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. कल्पना वाईट नव्हती. पण ती आधी एखाद्याच विद्याशाखेपुरती करून पाहावी, असे ठामपणे म्हणणारा आणि ज्याचे म्हणणे ऐकावेच लागेल असा माणूस अशा वेळी खोलीत असावा लागतो. उत्साहाच्या भरात असलेल्या मंडळींतून तो निघत नाही.

असा माणूस आपल्या परंपरेला अगदीच अनोळखी नाही. 'मजुमदार' आज केवळ आडनाव म्हणून उरले आहे. पण हिशेब पाहणारा हा अधिकारी, राज्याभिषेकाच्या वेळी ज्याचा 'अमात्य' झाला, तो मराठेशाहीच्या कारभाराचा आधार होता. पेशवाईत मामलेदाराच्या कचेरीत मजुमदार, फडणीस वगैरे दरखदार बसत. बसत त्याच्याच शेजारी, परंतु त्यांना काढून टाकण्याचा अधिकार त्याला नसे. 'अंतर्गत लेखापरीक्षक' या शब्दातील 'अंतर्गत'चा अर्थ आम्हाला कोणत्याही व्याख्येपेक्षा या बैठकव्यवस्थेत अधिक स्पष्ट दिसतो.

पण एक पेच राहतोच. आधीपासून सल्ला देणारा नंतर निःपक्षपणे तपासणार कसा? प्रबंधाचा मार्गदर्शकच एकटा परीक्षक झाला तर काय होते, हे आम्हा मंडळींना कोणी शिकवायला नको. अंतर्गत लेखापरीक्षकांच्या जागतिक संस्थेने १९९९ मध्ये केलेल्या व्याख्येत खात्री देणे आणि सल्ला देणे ही दोन्ही कामे शेजारी-शेजारी आहेत. मात्र ज्या कामाची जबाबदारी स्वतः वाहिली, त्याची निदान वर्षभर तपासणी करू नये, असा दंडकही त्या व्यवसायात आहे. आमच्या प्राचार्यांनी "मग साहेब, यातली प्रणाली तुम्हीच निवडून द्या," असे म्हटले, तेव्हा त्यांनी हात जोडले. "निवड तुमची. मी निवडली, तर पुढच्या वर्षी मला माझेच अक्षर तपासावे लागेल."

जुनी वही अखेर ३१ मार्च २०२५ रोजी बंद झाली. भाऊसाहेबांनी शेवटच्या पानावर तांबड्या शाईने तिरकी रेघ ओढली आणि आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. मग मोठ्या आदराने वही लेखापरीक्षकांपुढे सरकवली. त्यांनी दोन पाने मागे उलटली, एक बेरीज पुन्हा करून पाहिली आणि सही न करता वही परत दिली.