दट्ट्यांची पेटी

आज नातीच्या बालवाडीत तासभर कोपऱ्यात बसले होते. साडेतीन वर्षांची पोर सतरंजीवर दट्ट्यांची पेटी घेऊन बसलेली. लाकडात दहा खळगे, दहा दट्टे, प्रत्येकाला धरायला इवलीशी मूठ. तिने बारीक दट्ट्या रुंद खळग्यात टाकला. तो आत डुगडुगत राहिला. शेवटी हातात एक जाडा उरला आणि त्याला जागाच नाही. माझे हात शिवशिवले. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. पोरीने ओठ दाबून पेटीकडे पाहिलं, सगळे दट्टे बाहेर काढले आणि पहिल्यापासून लावायला घेतले. चूक पेटीनेच दाखवली. 'चुकलं' असं कुणी म्हटलंच नाही.

मूल आपली चूक आपणच सुधारतं, हा मारिया माँटेसरींचा विश्वास. त्यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. त्याच वाटेने जाताना आपल्या ताराबाई मोडकांनी बोर्डीच्या बालवाडीत शंख-शिंपले, बिया, खडे हाताशी घेतले. महागड्या साहित्यावाचून गरिबाच्या लेकराचं अडू दिलं नाही. मला ते फार मोठं काम वाटतं.

घरी आल्यावर ती स्वतःच पेल्यात पाणी ओतायला निघाली. मी तांब्या पुढे सरकवला. थोडं सांडलं. तिने फडकं आणलं.