उजव्या हाताला समुद्र

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात, सेंट आइव्हज आणि पेन्झन्स ही दोन गावे आहेत. मोटारीने एकातून दुसऱ्यात जायचे तर अंतर जेमतेम १३-१४ किलोमीटर. समुद्राच्या कडेकडेने पायी जायचे तर तेच सुमारे ६५ किलोमीटर होते. नगरच्या कापडबाजारात ४४ वर्षे दुकान सांभाळून अलीकडेच किल्ल्या मुलाच्या हाती दिलेल्या एका गृहस्थांना हा हिशेब ऐकून हसू आले. लंडनला असलेल्या मुलीने आईवडिलांसाठी जूनमधील सहा दिवसांची ही पदयात्रा ठरवली होती. "पाचपट चालायचे आणि पोहोचायचे तिथेच? असा व्यवहार कोण करतो?" ते म्हणाले. पत्नी काही बोलल्या नाहीत. त्या नव्या कापडी बुटांची नाडी बांधत होत्या.

ही वाट 'साउथ वेस्ट कोस्ट पाथ' या पायवाटेचा एक तुकडा आहे. मूळ वाट सॉमरसेटमधील माइनहेडपासून डॉर्सेटमधील पूल बंदराच्या मुखापर्यंत १,०१४ किलोमीटर जाते. तिच्यावरील सारे चढ एकत्र मोजले तर सुमारे ३५,००० मीटर भरतात, म्हणजे एव्हरेस्टच्या जवळजवळ चौपट. ती इतकी वळणे का घेते, हे व्यापाऱ्याला चटकन उमगावे. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये चहावरील कर वाढत वाढत ११९ टक्क्यांवर गेला होता. साहजिकच चहा रात्री गुपचूप किनाऱ्याला उतरू लागला. १७८४ साली सरकारने शहाणपणाने तो कर साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहाच्या चोरट्या व्यापारातील नफाच आटला. (आपल्याकडील करदात्यांनी या आकड्यांकडे किंचित असूयेने पाहावे!) मद्य आणि तंबाखूची चोरटी आयात मात्र चालूच राहिली. १८२२ साली तटरक्षक दल स्थापन झाले. प्रत्येक कपारीत डोकावून पाहणे हे त्याच्या शिपायांचे कामच असल्याने त्यांची गस्तीची वाट कड्याच्या काठाकाठाने गेली. आज त्याच वाटेने लोक सुट्टीत हौसेने चालतात.

पहिल्या दिवशी सेंट आइव्हज ते झेनर हे १० किलोमीटर चालायला पाच तासांहून अधिक वेळ लागला. वाट म्हणावी तर मोठमोठे दगड, आणि दगडांच्या मध्ये चिखल. उजव्या हाताला खाली समुद्र. पतीची कल्पना होती की पत्नीसाठी आपल्याला थांबावे लागेल. घडले उलटेच. पावसानंतर वाटेवर काळ्या गोगलगाई पसरल्या होत्या. चार हात जमीन पाहत, एकेक गोगलगाय चुकवत त्या संथपणे पुढे जात होत्या, आणि वेगाचा हिशेब ठेवणारे पतीच मागे पडत होते.

तीस वर्षे त्या महासतीजींच्या विहारात चालत आल्या होत्या. पहाटे निघायचे, अनवाणी. पती दुकान उघडून, दोन तासांनी मोटारीने मुक्कामी पोहोचत आणि व्यवस्थेचा खर्च विचारत. दर मुक्कामाचा खर्च त्यांना तोंडपाठ होता. रस्ता ठाऊक नव्हता.

खाण्याची अडचण आली नाही. तिथल्या प्रसिद्ध 'पेस्टी'त बटाटा आणि कांदा तरी असतोच, बहुधा मांसही. त्यामुळे खाकरे आणि ठेपलेच चालले. चौविहाराची घाई नव्हती, कारण जूनमध्ये तिथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात जाणाऱ्याला मात्र साडेचारच्या आत आवरावे लागेल.

दुसऱ्या दिवशी झेनर सोडल्यावर तासाभरातच पतीचा गुडघा बोलू लागला. वर, शेतांपलीकडे, बसचा रस्ता होता. "बसने जाऊ," ते म्हणाले. "तुम्ही जा," पत्नी म्हणाल्या, "मी येते चालत." स्वरात राग नव्हता. ते बसने पेंडीनला गेले आणि नेहमीप्रमाणे आधी पोहोचले.

तिथून ते रमतगमत दीपगृहापाशी गेले. दुपारनंतर धुके उतरले. आधी समुद्र दिसेनासा झाला, मग कडा, मग वीस पावलांवरची वाट. फोन लागत नव्हता. चार वाजले, पाच वाजले. दीपगृहाच्या भिंतीपाशी उभे राहून ते पावलांचा आवाज ऐकू येतो का, एवढेच पाहत होते. पुण्याहून खरेदी उरकून आपण रात्री अकराला परतायचो तेव्हा घरात दिवा जळत असायचा, हे त्यांना तिथे आठवले. 'उशीर का झाला' असे तिने एकदाही विचारल्याचे आठवेना. सहाच्या सुमारास धुक्यातून आधी काठीचा आवाज आला, मग त्या आल्या. पोटऱ्यांपर्यंत चिखल माखलेला.

"जेवलात का?" त्यांनी विचारले.

ते जेवले नव्हते. दोघांनी भिंतीच्या आडोशाला बसून डबा उघडला.

तिसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधून ते वाटेवर होते, पत्नीच्या चार पावले मागे. लेव्हंटच्या जुन्या खाणीजवळ, जिचे बोगदे दूरवर समुद्राखाली गेले आहेत, दोघे टेकले. बराच वेळ कोणी बोलले नाही.

"नगरहून पुण्याचा विहार किती दिवसांचा असतो गं?"

"महासतीजींच्या प्रकृतीवर असतं. सात-आठ दिवस."

"मुक्काम कुठे कुठे?"

पत्नींनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले. मग बोटांवर मोजत सांगू लागल्या. सुपा, शिरूर, रांजणगाव. शिरूरच्या पुढे एका शाळेच्या ओसरीवर रात्रभर पाऊस झोडपत होता, ते सांगितले. मग शिक्रापूर, कोरेगाव, लोणीकंद.

"वाघोली राहिली," ते म्हणाले.

"वाघोलीला तर तुम्ही आला होतात. मोटारीने."

ते उठले, काठी घेतली आणि म्हणाले, "तू पुढे हो. मी मागून येतो."