वर्षाचा तळ खरवडताना

फेब्रुवारीत नंदुरबारभोवतीच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि वाऱ्याबरोबर तिचा ठसका गावात शिरतो. वर सातपुड्यात पळस फुलू लागतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात मात्र या दिवसांना नाव आहे ते दूरच्या रोमचं. शुद्ध करणाऱ्या वस्तूंना रोमन लोक ‘फेब्रुआ’ म्हणत. कवी ओव्हिडने त्या नोंदवून ठेवल्या आहेत: लोकर, मीठ घालून भाजलेलं धान्य, पवित्र झाडाची डहाळी. १५ तारखेला लुपरकालियाच्या सणात उघडेबंब तरुण बकऱ्याच्या कातड्याच्या वाद्या घेऊन धावत आणि वाटेतल्या बायकांना फटकारत. फटका बसला की कूस उजवते, असा समज. बायका हात पुढे करून तो मागून घेत!

रोमनांचं जुनं वर्ष मार्चमध्ये सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारी म्हणजे वर्षाचा तळ. १३ ते २१ हे दिवस पितरांचे. सम आकडा त्यांना अशुभ वाटे. पाताळातल्या देवांच्या या महिन्याला मात्र तोच चालला. २८ दिवसांचं मूळ तिथे आहे.

आपला फाल्गुनही वर्षाचा शेवटचा. नाव त्याला नक्षत्राने दिलं, पण काम त्याच्याकडे तेच आलं, शुद्धीचं. खात्री करायची तर अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीला जावं. तिथली राजवाडी होळी १२४६ पासून चालत आल्याचं सांगतात. उंच बांबूचा दांडा उभा राहतो, त्याचा खड्डा हातांनी खणतात, आणि होळी पेटते ती पहाटे. रात्रभर ढोल चालू असतो. मोरपिसांचे टोप घातलेले, अंगावर पांढरे ठिपके रेखलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले बावा आणि बुध्या नाचत असतात. पाहुण्यांचे कॅमेरे यांच्याच मागे.

मला त्या नाचापेक्षा आधीचे दिवस मोठे वाटतात. नवस बोलून बावा होणारा माणूस होळीआधी काही दिवस ‘पालनी’ पाळतो. खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर निजायचं, ब्रह्मचर्य पाळायचं, खाण्यापिण्याला बंधन. आणि आंघोळ करायची नाही. शहरी वाचक इथे थबकतो. शुद्धी म्हटली की आपल्याला गंगाजल, साबण, निदान गोमूत्र तरी आठवतं. रोमनांचीही शुद्धी बाहेरून लावायची होती. काठीचा बावा बाहेरून काहीच लावून घेत नाही. तो एकेक सुख बाजूला ठेवत जातो. अंगाचा मळ त्याच्या हिशेबातच नाही. मला ही शुद्धी अधिक कडक वाटते, आणि जास्त खरी.

गुजरातेत ऊसतोडीला गेलेली कितीतरी कुटुंबं या सणासाठी मिळेल त्या गाडीने डोंगरात परततात. दिवाळी चुकली तर चालते, होळी नाही.

तुम्हीही जा. फक्त सेल्फीसाठी बावाचा हात धरून त्याला ओढू नका. तो तुमच्यासाठी नटलेला नसतो, नवस फेडत असतो.