तेरा सेकंदांची लाट, शंभर मिलिमीटर पाऊस

मोताळ्यापासून समुद्र किती लांब आहे, हे मोजायची मोताळ्यात कुणाला कधी गरज पडलेली नाही. सरळ रेषेत मोजलं तर साडेतीनशे किलोमीटरच्या वर भरेल. आमच्याकडे पाणी म्हणजे नळगंगेचं धरण, शेतातली विहीर आणि आभाळातून पडेल ते. ‘पानी आलं का?’ असं कुणी विचारलं की त्याला नळाबद्दल काही विचारायचं नसतं. अशा गावातून इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरीला लागलेला मुलगा फोनच्या पहिल्या स्क्रीनवर गोव्यातल्या आश्वे किनाऱ्याच्या लाटांचा अंदाज लावून ठेवतो, हे घरी सांगायला मला दोन वर्षं लागली.

त्या विजेटच्या शेजारी दुसरं विजेट आहे. मोताळा, पाऊस, पुढचे दहा दिवस. दोन्ही सारखीच दिसतात. निळे पट्टे, आकडे, छोटे बाण. पण पहिल्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो आणि दुसरं बघताना पोटात गोळा येतो. असं का, हे समजून घ्यायला मला बराच काळ लागला.

लाटेचा अंदाज कसा वाचायचा

नोव्हेंबरातल्या एखाद्या शनिवारचा आश्वेचा अंदाज साधारण असा दिसतो: उंची ०.९ मीटर, पीरियड १३ सेकंद, दिशा २१० अंश, वारा पूर्वेकडून ताशी ६ किलोमीटर. नवखा माणूस फक्त उंची बघतो. थोडे दिवस पाण्यात काढलेला माणूस आधी पीरियड बघतो.

पीरियड म्हणजे एका लाटेचा माथा गेल्यानंतर दुसरा माथा यायला लागणारे सेकंद. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा पाच-सहा सेकंदांच्या असतात. त्या एकमेकींना ढकलत, गर्दी करत येतात आणि त्यांच्यावर उभं राहणं म्हणजे एसटीच्या टपावर उभं राहण्यासारखं. तेरा सेकंदांची लाट मात्र लांबून आलेली असते. खोल पाण्यात तिची लांबी अडीचशे मीटरच्या वर असते. वादळापासून दूर जाता जाता आखूड लाटा मागे पडतात, विरतात आणि लांब लाटा पुढे निघून येतात. ह्या प्रवासी लाटांना स्वेल म्हणतात.

आता गंमत बघा. खोल समुद्रात स्वेलचा जथा ताशी किती किलोमीटर वेगाने येतो, हे काढायला पीरियडला २.८ ने गुणायचं. तेरा सेकंद म्हणजे ताशी सुमारे ३६ किलोमीटर, आमच्या घाटातून चढणाऱ्या लाल डब्याएवढा वेग. दिशा २१० अंश, म्हणजे दक्षिण-नैऋत्य. त्या बाजूला सरळ खाली गेलं तर मध्ये जमीन लागत नाही. विषुववृत्त ओलांडून चाळीस अंश दक्षिणेपर्यंत हिंदी महासागरच आहे. तिथे वर्षभर एकामागून एक वादळं फिरत असतात. अंतर सहा हजार किलोमीटरच्या आसपास. भागाकार केला की उत्तर येतं सात दिवस.

म्हणजे ज्या लाटेवर मी शनिवारी उभा राहणार आहे, ती आदल्या शनिवारीच जन्माला आलेली असते. मी सोमवारी ऑफिसात स्टँडअपला उभा असतो तेव्हा ती वाटेत असते. अंदाज सांगणाऱ्याला तिचं भविष्य फारसं ओळखावं लागत नाही. निघालेल्या गाडीची पोचायची वेळ सांगावी, तसं ते काम आहे.

उरला वारा. तो आपण सगळेच सहावी-सातवीच्या भूगोलात शिकलो आहोत. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. पेपरात दोन मार्कांना यायचं. मी ते पाठ केलं होतं, पण मोताळ्यात ते कधी अंगाला लागले नव्हते. आश्वेला पहाटे सहा वाजता पाण्यात उभं राहिलं की पाठीवर मतलई वारा लागतो. तो येणाऱ्या लाटेच्या तोंडावर वाहतो, तिला क्षणभर उभी धरतो आणि पाणी काचेसारखं गुळगुळीत ठेवतो. अकरा-बारानंतर खारे वारे सुटतात आणि सगळं विस्कटतं. हिवाळ्याच्या अखेरीला आणखी एक पाहुणा येतो: आखाताकडचे शमाल वारे अरबी समुद्रात ज्या लाटा उठवतात, त्या वायव्येकडून थेट गोव्यापर्यंत पोचतात.

हे शास्त्र आलं कुठून

लाटांच्या अंदाजाचं शास्त्र सुटीच्या दिवशी मजा करणाऱ्यांसाठी जन्मलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं होतं आणि ठरावीक उंचीच्या वर लाटा गेल्या की उतरणाऱ्या होड्या उलटत होत्या. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत वॉल्टर मंक आणि हाराल्ड स्वेर्ड्रुप ह्या दोघांनी वाऱ्यावरून लाटांचा अंदाज बांधायची पद्धत बसवली आणि ती सैन्यातल्या हवामान अधिकाऱ्यांना शिकवली. नॉर्मंडीचं आक्रमण ५ जून १९४४ ला ठरलं होतं. खराब हवामानामुळे ते एक दिवस पुढे ढकललं गेलं. पुढे १९६३ मध्ये मंक ह्यांच्या गटाने न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठिकाणं मांडून अंटार्क्टिकाकडच्या वादळांच्या लाटा अख्खा प्रशांत महासागर ओलांडताना टिपल्या. लांब लाटा आधी पोचतात आणि आखूड नंतर. ह्या दोन्हींमधल्या अंतरावरून वादळ किती दूर होतं, हे त्यांनी काढलं. वीज चमकल्यावर गडगडाट किती सेकंदांनी आला हे मोजून वीज किती लांब पडली ते सांगतो ना आपण, तसंच.

आपल्याकडे हे काम हैदराबादची इन्कॉईस ही संस्था करते. १९९९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मच्छीमारांसाठी रोज समुद्राच्या स्थितीचा अंदाज देते. मे २०२४ च्या सुरुवातीला तिने केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांसाठी उंच स्वेलचा इशारा दिला होता. केरळात अशा लाटांना ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. वारा नाही, पाऊस नाही, आकाश स्वच्छ आणि समुद्र अचानक आत येतो, कारण वादळ हजारो किलोमीटर दूर झालेलं असतं. त्याच दिवसांत कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर पाच वैद्यकीय विद्यार्थी लाटांनी ओढले जाऊन बुडाले.

ही बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली. इशारा दिलेला होता. अंदाज असणं आणि तो पाण्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून गोव्यात लाल बावटा लागलेला असेल तर ॲप काहीही म्हणो, मी पाण्यात उतरत नाही. मला शिकवणारा गोव्याचा पोरगा तर ॲप बघतच नाही. तो आधी दहा मिनिटं वाळूत बसून समुद्र बघतो आणि मग बोर्ड उचलतो, किंवा उचलत नाही.

दुसरं विजेट

आता मोताळ्याकडे येतो. आमची सहा एकर शेती घाटाखाली आहे. कपाशी, सोयाबीन, बांधाला थोडी तूर. मे संपत आला की बाबांचा फोन दिवसातून दोनदा येतो आणि प्रश्न एकच असतो, “काय म्हनते तुयं मोबाईल? पानी कवा पडन?”

पोरगा कॉम्प्युटरचा इंजिनिअर म्हणजे त्याला हे कळत असणारच, असा त्यांचा हिशोब. आणि त्यांच्याकडे दुसरे सल्लागार कमी नाहीत. आखाजीला आमच्याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. शेतात गोल घट आखून त्यात अठरा धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, सांडोळी, कुरडई. रात्री तिथे कुणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना काय भिजलं, काय हललं हे बघून वाघ घराण्यातले महाराज पाऊस, पिकं, देशाचा राजा ह्यांचं भाकीत सांगतात. साडेतीनशे वर्षांची परंपरा म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ह्या भाकिताला वेळोवेळी आव्हान दिलं आहे आणि मला त्यांचंच म्हणणं पटतं. घागरीतून झिरपलेल्या पाण्याला ऑगस्टातला मान्सून ठाऊक असण्याचं काही कारण नाही. पण भाकीत ऐकायला जमलेली माणसं मी पाहिली आहेत. ती अडाणी म्हणून येत नाहीत. जून जवळ आलेला असतो, बियाण्याचे पैसे घालायचे असतात आणि कुणीतरी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावं, एवढंच त्यांना हवं असतं.

माझं विजेट ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही. ते म्हणतं, ‘मंगळवार, ६० टक्के.’

हवामान खात्याला किंवा सुपरकॉम्प्युटरला दोष देणं सोपं आहे. पण लाट आणि पाऊस ह्यांच्या अंदाजात मुळातच फरक आहे. लाट निघालेली असते. मंगळवारी आमच्या शेतावर पडायचा पाऊस मात्र अजून कुठेच नसतो. तो ज्या ढगातून पडेल तो ढग मंगळवारी दुपारी तयार होणार, काही किलोमीटर रुंद, तास-दोन तासांच्या आयुष्याचा. मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएमने बांधलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. तिने अंदाजाची चौकट बारा किलोमीटरवरून सहा किलोमीटरवर आणली. ही मोठी झेप आहे. तरीही राजूर घाटाच्या वर पाऊस आणि खाली कोरडं, हे आम्ही सहा किलोमीटरच्या आतच बघतो. मोताळ्यात एका बांधावर पाऊस असतो आणि दुसऱ्या बांधावर ऊन, ही काही म्हण नाही.

शिवाय वातावरण चुका वाढवत नेतं. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ ह्यांनी संगणकाच्या मॉडेलमध्ये ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा घातला आणि थोड्याच वेळात सगळं हवामान वेगळं निघालं. कोड लिहिणाऱ्या कुणालाही ही गोष्ट वाचून झोप लागणार नाही. आमच्या शेतात आज किती ओल आहे, हे तर कुठल्याच मॉडेलला दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत माहीत नाही.

साठ टक्क्यांचं काय करायचं

समजा, आश्वेला चांगल्या लाटेची शक्यता साठ टक्के आहे. मी रात्रीची बस पकडतो. अंदाज फसला तर एक शनिवार आणि बसचं भाडं जातं. वाळूत बसून चहा पितो, विषय संपला. बाबांसाठी साठ टक्के म्हणजे सहा एकरांचं बियाणं. कपाशीचं एक पाकीट आठ-नऊशे रुपयांचं, सोयाबीनच्या पिशव्या वेगळ्या, खत वेगळं, पेरणीच्या ट्रॅक्टरचं भाडं वेगळं. पेरलं आणि पावसाने पंधरा दिवस दडी मारली तर दुबार पेरणी. थांबलं आणि पाऊस चांगला झाला तर हंगाम मागे पडतो, पुढे हरभऱ्याची वेळ चुकते. आकडा तोच, पण तो फसल्यावर काय जाणार, हे प्रत्येकाचं वेगळं. अंदाज छापणाऱ्याला आकडा माहीत असतो, काय जाणार हे फक्त पेरणाऱ्याला माहीत असतं.

एका जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात जोरदार पाऊस झाला. गावात तिफणी बाहेर निघाल्या. मी बाबांना सांगितलं, मॉडेल पुढे खंड दाखवतंय, पण खात्री नाही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, “खातरी कोनाले पाह्यजे? किती पानी झालं ते सांग.” चाळीस मिलिमीटरच्या आसपास झाला होता. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका. बाबांनी विहिरीच्या पाण्यावर, ठिबकवर दोन एकर कपाशी लावली. सोयाबीनच्या पिशव्या घरातच ठेवल्या. पुढे बारा दिवस थेंब नव्हता. शेजारच्या दोन-तीन शेतांत सोयाबीन मोडून पुन्हा पेरावं लागलं. त्यांचं गणित चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे विहिरीला पाणी नव्हतं, म्हणजे पर्याय एकच होता.

जोखीम वाटून घेणं हे मला कंपनीत स्लाइड्सवर शिकवलं गेलं होतं. बाबा ते कपाशी, सोयाबीन आणि तूर ह्यांच्यात दरवर्षी करतात. म्हणून मी त्यांना अंदाज सांगणं जरा कमी केलं आणि मोजणी वाढवली. शेतात खांबावर एक साधं पर्जन्यमापक बसवलं आहे. हवामान खातं मोजतं त्याच वेळी, सकाळी साडेआठला, बाबा आकडा मला पाठवतात. मी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम दोन ओळी परत पाठवतो: आतापर्यंत किती झाला, शंभरला किती कमी. तिसऱ्या ओळीत पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो, टक्क्यांसकट. बाबा पहिल्या दोन ओळी वाचतात. तिसरी कधी वाचतात, कधी नाही.

परवा त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, “अन् तुया समुद्राचं काय?” मी सांगितलं: शनिवारी सकाळी एक मीटरच्या आत, तेरा सेकंद, वारा जमिनीकडून, दहापर्यंत बरं राहील. ते म्हणाले, “इतकं पक्कं?” मी हो म्हटलं. थोडं थांबून ते म्हणाले, “मंग जाय. पन पान्यात लई आत जाऊ नोको.”