शाखेचा रकाना

पऱ्हे टाकून झाले होते आणि आभाळ नुसतंच गरजत होतं. १९८७चा जून. साकोली-लाखनी पट्ट्यातल्या एका धानाच्या गावात, दहावीचा निकाल हाती आलेला एक मुलगा नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनाची माहितीपुस्तिका मांडीवर घेऊन छपरीत बसला होता. नाव, जात, गुण, वडिलांचं उत्पन्न, सगळं भरून झालं होतं. एकच रकाना कोरा राहिला होता: शाखा.

शाखा हा शब्द त्याला तोवर दोनच ठिकाणी भेटला होता. बँकेच्या पाटीवर आणि मराठीच्या पुस्तकातल्या झाडाच्या वर्णनात. पुस्तिकेत शाखांची यादी होती. स्थापत्य, यंत्र, विद्युत, धातुशास्त्र, खनिकर्म. यंत्र म्हणजे राइस मिलसारखं काहीतरी असणार. विद्युत म्हणजे गावाबाहेरचा खांब. स्थापत्य हा शब्द त्याने मोठ्याने वाचून पाहिला, तरी काही उमजेना. शाळेत विचारलं तर गुरुजी म्हणाले, ज्याला नोकरी आहे ते लिही. नोकरी कशाला आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

शेवटी वडिलांनी विचारलं, "पान्याचा काम कोनत्या नावात येते?"

पाण्याचं काम स्थापत्यात येतं, असं तालुक्याला जाऊन विचारून आल्यावर कळलं. रकाना भरला.

वडिलांच्या त्या प्रश्नामागे गावचा तलाव होता. भंडारा जिल्हा तलावांचा आणि त्यातले कित्येक तलाव कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून बांधलेले. नवेगावबांधचा एवढा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, अशी गॅझेटियरमध्ये नोंद आहे. १९९९मध्ये गोंदिया वेगळा झाला आणि तो तलावही तिकडे गेला, पण त्याआधी तो भंडाऱ्याचाच. पुढे मालगुजारी संपली, तलाव सरकारच्या ताब्यात गेले आणि 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. नाव ऐकून बाहेरच्या माणसाला वाटतं, कुणाच्या मामाचा तलाव असेल.

गावच्या तलावाच्या पाळीत, म्हणजे बांधात, तुडुम होता. पाणी सोडण्याची जागा. मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना एका रात्री वडिलांची पाण्याची पाळी आली आणि कंदील धरायला ते त्याला सोबत घेऊन गेले. तुडुमाला वरपासून खालपर्यंत एकाखाली एक भोकं होती, प्रत्येकात लाकडी बूच ठोकलेलं. वडिलांनी पाण्याखालचं सगळ्यांत वरचं बूच काढलं. मुलाने विचारलं, खालचं काढलं तर पाणी जास्त नाही का येणार? वडिलांनी त्याचा हात धरून पाण्यात घातला आणि आधी वरच्या, मग दुसऱ्या बुचावर ठेवला. वरचं बूच हलत होतं, खालचं रोवल्यासारखं घट्ट. "खाली पानी दाबते. वरचा आधी, मंग त्याच्या खालचा," एवढंच ते म्हणाले. पाणी जसं उतरेल तसं एकेक भोक उघडत खाली जायचं. दर मीटर खोलीला चौरस मीटरवर सुमारे एक टन दाब वाढतो, हे गणित त्याने पुढे तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला सोडवलं, तेव्हा त्याच्या तळहाताला ते आधीपासून माहीत होतं. वर्गात इतर मुलं सूत्र पाठ करत होती. तो उत्तर येण्याआधीच मान हलवायचा.

त्याची निवड चांगली ठरली ती या एका रात्रीमुळे. माहितीपुस्तिकेमुळे नव्हे, गुणांमुळेही नव्हे.

पण त्या वेळी त्याच्या घरात दुसरीही एक शाखा पडलेली होती आणि ती त्याला कुणी दाखवली नाही. वडिलांच्या टॉर्चमधले संपलेले सेल तो दगडाने फोडायचा. गावातली सगळीच मुलं फोडायची. जस्ताचं कवच उलगडलं की आत ओलसर काळं पीठ निघायचं आणि मधोमध कार्बनची कांडी. कांडीने भिंतीवर रेघोट्या मारायच्या, पीठ फेकून द्यायचं. बोटं काळी झाली म्हणून आई ओरडायची. ते काळं पीठ म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड. आणि याच जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून मॉइल ही सरकारी कंपनी जे खनिज काढते, ते बॅटरीच्या कारखान्यांना लागणारं हेच मँगनीज डायऑक्साइड. गावापासून एसटीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर तो डोंगर होता. दहा वर्षं रसायनशास्त्र हातात घेऊन तो फेकत राहिला, आणि हे त्याला कळलं चाळिशी उलटल्यावर, चिखल्याच्या खाणीत लागलेल्या जुन्या वर्गमित्राकडून.

याच मँगनीजशी नागपूरची एक जुनी संस्थाही बांधलेली आहे. कामठीचे डी. लक्ष्मीनारायण खाणींच्या व्यवसायात मोठे झाले आणि जाताना आपली संपत्ती तंत्रशिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला देऊन गेले. त्यातून १९४२मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली, एलआयटी. रासायनिक अभियांत्रिकीसाठी तिचं नाव आजही घेतलं जातं. जमिनीतून निघालेला काळा दगड, त्यातून पैसा, त्या पैशातून प्रयोगशाळा. हे वर्तुळ भंडाऱ्याच्या मुलांना शाळेतच सांगायला हवं होतं, असं त्याला फार वाटतं.

त्याच्या आधीच्या पिढ्यांना शाखा निवडण्याचा असा पेच नव्हता, कारण निवडायला शाखाच फारशा नव्हत्या. विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेजातून १८८३मध्ये एलसीई झाले, म्हणजे स्थापत्यच. पुढे खडकवासल्याला पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी बसवले. तंत्रनिकेतनात गेट्सचा धडा आला तेव्हा या मुलाला गावचा तुडुम आठवला आणि दोन्हींत काम एकच आहे हे पाहून तो हरखून गेला होता.

दहावीनंतरच्या वर्षी, २२ एप्रिल १९८८ला, पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्द धरणाची कोनशिला राजीव गांधींनी बसवली. तंत्रनिकेतनातल्या स्थापत्यच्या पोरांना ती बातमी म्हणजे आपलीच बातमी वाटली. जिल्ह्यात एवढं मोठं काम निघतंय, आता बाहेर कशाला जायचं? तो डिप्लोमा घेऊन पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागला आणि काही वर्षांनी त्याच्या टेबलावर पाटी आली: शाखा अभियंता. पुन्हा तोच शब्द. या वेळी त्याचा अर्थ होता कालव्याचा एक तुकडा, चार मैलमजूर, एक जीप आणि मोजमाप पुस्तिकांचा ढीग.

धरणाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, तो पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. २००९च्या सुमारास प्रकल्प राष्ट्रीय ठरला. आज पुरात गोसेखुर्दचे ३३ दरवाजे उघडल्याची बातमी आली की पवनीपासून गडचिरोलीपर्यंत लोक नदीकडे धावतात. त्या ३३ दरवाजांचा अभिमान त्याला आहे. पण माहितीपुस्तिकेत एक गोष्ट लिहिलेली नव्हती.

त्याच्या आत्याचं गाव पवनी तालुक्यात, बुडीत क्षेत्रात आलं. घरांचं मूल्यांकन करायला अभियंते लागतात: भिंतीची लांबी, जाडी, माती की वीट, कवेलू की टिन, दारं किती, विहिरीची खोली. त्या गावचं काम नेमकं त्याच्या यादीत निघालं. त्याने ते दुसऱ्याला देण्याची विनंती केली. आत्यानेच निरोप पाठवला: दुसऱ्या कोनी मोजण्यापरीस तूच मोज. तो गेला. लहानपणी ज्या भिंतीला टेकून त्याने आंबे चोखले होते, त्या भिंतीला त्याने टेप लावला. टेपचं दुसरं टोक आत्याने धरलं होतं. तिने तुळशीवृंदावनाकडे बोट दाखवून विचारलं, "हे बी लिवतेस का?" त्याने लिहिलं. मोजमाप पुस्तिकेत खाडाखोड चालत नाही, म्हणून तो आकडे फार सावकाश लिहीत होता. स्थापत्य म्हणजे बांधणं, असं त्याला वाटत आलं होतं. त्या दुपारी त्याच शाखेचं दुसरं अंग त्याने पाहिलं आणि त्यानंतर कुणी नुसतं 'सिव्हिलला स्कोप आहे का' असं विचारलं की तो लगेच उत्तर देत नाही.

२०२५मध्ये पुतणी बारावी झाली. धाकट्या भावाची मुलगी, शेती करणाऱ्या घरातली. हा प्रश्न आता एका रकान्याचा राहिलेला नव्हता. एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेचे २०० गुण, त्यातला निम्मा भाग एकट्या गणिताचा, मग पर्सेंटाइल, मग केंद्रीय प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या फेऱ्या, आणि ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेज आणि शाखा यांच्या जोड्या पसंतीक्रमाने लावायच्या. शेकडो जोड्या लावता येतात. पहिल्या फेरीत यादीतली पहिली जोडी मिळाली तर ती पक्कीच, मागे फिरता येत नाही. म्हणजे सगळी मदार पहिल्या ओळीवर. फीची काळजी तेवढी हलकी झाली होती, कारण आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४पासून राज्य सरकारने व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली आहे.

सगळे सांगत होते, कम्प्युटर घे. कम्प्युटर नाही तर एआय-डेटा सायन्स. मागच्या वर्षीचे कटऑफ सगळ्यांच्या मोबाइलवर होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही; त्या शाखेने या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांना पुण्या-बेंगळुरूत चांगली नोकरी दिली आहे. पण कटऑफ जास्त म्हणजे शाखा चांगली, हे गणित त्याला पटेना. कटऑफ म्हणजे मागच्या वर्षी किती मुलांना ती हवी होती, एवढंच.

"मोठेबाबा, मग मी काय घेऊ?" पुतणीने विचारलं.

"आधी पाहून ये," तो म्हणाला.

जूनचे पंधरा दिवस त्याने सुट्टी टाकली आणि तिला जिल्हा दाखवला. तंत्रनिकेतनातले वर्गमित्र कामाला आले. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, तिथे एकाने धातुशास्त्र म्हणजे काय ते तापलेल्या लोखंडाचा रंग दाखवून सांगितलं. गडेगावला अशोक लेलँड, तिथे निवृत्त झालेल्या दुसऱ्याने आपल्या घराच्या अंगणात जुना गिअरबॉक्स उघडून तिच्या हातात दातेरी चाक दिलं. चिखल्याच्या भूमिगत खाणीत ती उतरू शकली नाही. तेव्हाच्या खाण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना खाली नेता येत नव्हतं. पण खाणीच्या तोंडाशी उभं राहून मित्राने तिला सांगितलं, की २०१९पर्यंत बाईला खाली काम करण्याची परवानगीच नव्हती. आता तांत्रिक आणि देखरेखीच्या कामावर मुली उतरू शकतात. ती बराच वेळ त्या काळ्या बोगद्याकडे पाहत होती. परतताना म्हणाली, "म्हणजे मी लहान होते तेव्हा ही शाखा माझ्यासाठी बंदच होती."

डोंगरी बुजुर्गचा पायऱ्यापायऱ्यांचा काळा डोंगर त्यांनी लांबून पाहिला. घरी आल्यावर त्याने वडिलांच्या जुन्या टॉर्चमधला सेल काढला आणि पक्कडीने उघडला. काळं पीठ, कार्बनची कांडी. "हे तिथलं असू शकते," तो म्हणाला. तिने चिमूटभर पीठ कागदावर घेतलं आणि ते फेकलं नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली घरात होती, जखमेवर लावायची. तिने दोन थेंब टाकले आणि फेस सळसळत वर आला. बारावीच्या प्रयोगवहीत हे सगळं लिहिलेलं होतं, उत्प्रेरक म्हणून. पण हात लावून तिने ते पहिल्यांदा केलं होतं.

केमिकलचं नाव निघालं आणि घरात गडबड झाली. त्याच वर्षी २४ जानेवारीला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगार गेले होते. सहा महिनेही झाले नव्हते. तिची आई म्हणाली, "बारूद-रसायनाच्या वाटंला नोको जाऊ बाई." कुणीच लगेच बोललं नाही. पुतणीनेच सावकाश सांगितलं, की असे अपघात का होतात आणि कसे अडवायचे, हेही त्याच शाखेत शिकवतात. आईचं समाधान झालं असं नाही. पण तिने नको म्हणणं सोडलं.

जुलैच्या शेवटी, लाखनीतल्या ऑनलाइन सेंटरवर दोघं बसले होते. बाहेर रिपरिप. यादीत पहिल्या ओळीत नागपूरची एलआयटी, केमिकल. खाली आणखी केमिकल, मग इलेक्ट्रिकल, त्याखाली कम्प्युटर. सेंटरच्या पोराने स्क्रीनवर बोट ठेवलं. "ताई, कम्प्युटर वर घेऊ का? सगळे तेच घेऊन राहिले."

"नको, असंच राहू द्या," ती म्हणाली.

ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर जाणार होता आणि वडील रोवणीत होते. तिसऱ्यांदा लावल्यावर फोन उचलला गेला. मागे बायांची गाणी ऐकू येत होती, चिखलात पाय ओढल्याचा आवाज. ओल्या हाताने मोबाइल धरून ते एकेक आकडा वाचत होते, आणि ती दर आकडा परत म्हणून टाइप करत होती. लॉक झालं.

"कोनता लिवला पहिला?"

"केमिकल, बाबा."

"बरं." मग थोडं थांबून, "तिकडं पानी आहे का? इकडं बांधी भरली आता."