लहान आवाजाचा माइक

आमच्या खारघरच्या सोसायटीत गणपतीची आरती झाली, की साडेआठ ते दहा हा वेळ 'रहिवाशांच्या कलागुणां'साठी राखून ठेवलेला असतो. दहाला स्पीकर बंद करावा लागतो, त्यामुळे लहान मुलांचे नाच, प्रश्नमंजुषा आणि अध्यक्षांचं भाषण होऊन जो वेळ उरेल तो गाण्यांचा. दोन वर्षांपूर्वी आईने त्यात एक अभंग म्हटला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या मला तबला ऐकू आला, टाळ ऐकू आले, मागे खुर्चीवरून भांडणारी मुलं ऐकू आली. आई ऐकू आली नाही. फुलांची परडी धरावी तसा तिने माइक छातीशी धरला होता. कोणीतरी "जवळ घ्या, जवळ!" म्हणून ओरडलं. तिने तो थोडा वर आणला, नेमका त्याच क्षणी मिक्सरवरच्या मुलाने आवाज वाढवला, आणि मग जी कुई वाजली तिच्यात अभंगाचं दुसरं कडवं बुडालं.

खाली उतरल्यावर समितीतल्या एका काकूंनी अगदी प्रेमाने सांगितलं, "आवाज गोड आहे हो तुमचा, पण पोचत नाही. पुढच्या वर्षी कोरसमध्ये या."

आई हसली. घरी आल्यावर पदर खोचत म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं. माझा आवाज लहान आहे. आमच्या गाण्याच्या बाईसुद्धा हेच म्हणायच्या."

गाण्याच्या बाई म्हणजे पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आईने चार वर्षं क्लास केला, परीक्षा दिल्या आणि लग्नानंतर तो विषय संपला. आवाज लहान आहे हे वाक्य मात्र तिने माहेरच्या भांड्यांसारखं जपून आणलं होतं. मी पडले इंजिनिअर. आईच्या इतक्या जुन्या सलावर मला पहिला उपाय सुचला तो खरेदीचा.

घरी रेकॉर्डिंग करता येईल आणि कार्यक्रमातही नेता येईल असा एकच चांगला, टिकाऊ माइक घ्यायचा, असं मी ठरवलं. आणि एखादी वस्तू न वापरता फक्त तिची माहिती वाचून निर्णय घेणारे लोक जी चूक करतात, तीच केली. मी तांत्रिक तक्ते शेजारी शेजारी ठेवून वाचले. स्टेजवर सगळीकडे दिसणारा शुअरचा एसएम५८ हा माइक ५० ते १५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज टिपतो. त्याहून कमी किमतीत मिळणारा एक कंडेन्सर माइक २० ते २०,००० टिपत होता. जास्त टिपतो तो चांगला. मी कंडेन्सर मागवला.

त्याने खरोखरच जास्त टिपलं. आईचा अभंग टिपला, शिवाय खालच्या टाकीचा पंप, शेजारच्यांचा मिक्सर, पाववाल्याचा भोंगा, पाचव्या मजल्यावर नव्या स्वयंपाकघरासाठी चाललेलं टाइल्स कापायचं मशीन, आणि एप्रिल असल्यामुळे अखंड कोकीळ. हेडफोन लावून ऐकलं तेव्हा वाटलं, मी आईचं नाही, आख्ख्या सेक्टरचं रेकॉर्डिंग केलंय.

यात माइकचा काहीच दोष नव्हता. कंडेन्सरमध्ये विद्युतभार असलेला एक अतिशय पातळ पडदा असतो. हवेची जराशी हालचालही त्याला पुरते, आणि त्यासाठीच त्याला बाहेरून वीज द्यावी लागते, बहुतेक वेळा ४८ व्होल्ट. भिंतींना आवाज शोषणारे जाड थर लावलेल्या स्टुडिओत हाच गुण असतो. आमच्या बेडरूममध्ये तीन उघड्या भिंती, एक काचेची खिडकी आणि एक लोखंडी कपाट होतं. पुढे जुलै आला. खारघरच्या डोंगरापायथ्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना कपाटातल्या चपलांवर चढणारी बुरशी माहीत असेल. त्या दमट हवेत माइकमधून मोहरी तडतडल्यासारखा आवाज यायला लागला. आई म्हणाली, "तांदळाच्या डब्यात ठेवून बघ." मी तिला हसले आणि सिलिका जेलच्या पुड्या मागवल्या. तत्त्व एकच होतं, माझे फक्त पैसे गेले.

मग मी उलट्या बाजूने विचार सुरू केला. आपल्याला जास्त ऐकणारा माइक हवाय का? की कमी ऐकणारा?

डायनॅमिक माइक कमी ऐकतो. त्याच्या पडद्याला तारेची बारीक गुंडाळी चिकटवलेली असते आणि ती लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलते. सायकलच्या डायनॅमोचीच ही नाजूक आवृत्ती. गुंडाळीच्या वजनामुळे पडदा आळशी होतो, त्याला हलवायला जवळून, नीट ढकलावं लागतं. लांबचा मिक्सर त्याला फारसा हलवू शकत नाही. आत नाजूक इलेक्ट्रॉनिक्स नाही, वीज लागत नाही, दमट हवेची तक्रार कमी. एसएम५८ हा १९६६ सालचा माइक. त्यातलं 'एसएम' म्हणजे 'स्टुडिओ मायक्रोफोन'. तो बनवला होता स्टुडिओंसाठी, पण गायकांनी उचलून स्टेजवर नेला, कारण तो पडला, घामाने भिजला, गाडीच्या डिकीत आदळला तरी दुसऱ्या दिवशी गायचा. जवळपास साठ वर्षं त्याचं रूप फारसं बदललेलं नाही. दर वर्षी फोन बदलणाऱ्या माझ्या पिढीला हे कळायला जरा वेळ लागतो.

इतका चालणारा माइक म्हटल्यावर त्याच्या नकलाही तितक्याच चालतात. ऑनलाइन मागवलेला पहिला नग खोक्यासकट हुबेहूब होता. फक्त हलका लागला. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला, तर भरला २४० ग्रॅम. खऱ्याचं वजन २९८. खऱ्याच्या दांड्यात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, नकलेत तो वाचवलेला असतो. नग परत केला आणि एका शनिवारी आईला घेऊन हार्बर लाइनने सीएसएमटी, तिथून चालत धोबीतलाव.

दुकानात दोन माइक समोर ठेवले, एक एसएम५८ आणि एक सेनहायझरचा ई८३५. दुसरा किंचित जास्त उजळ वाटला. आई दोन्हींवर एकेक ओळ गायली, दोन्ही वेळा माइक छातीपाशी धरून. दुकानदार म्हणाला, "काकी, जवळ घ्या ना." आईने माइक खाली केला आणि त्याला विचारलं, "ही जाळी धुता येते का?"

त्याने हातातल्या एसएम५८ची जाळी फिरवली. बरणीच्या झाकणासारखी ती सुटून आली. आत पातळ स्पंज होता. "जाळी साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळली की परत लावा. फक्त खालच्या भागाला पाणी लावू नका."

"मग हा द्या," आई म्हणाली. अशा बहुतेक माइकांची जाळी निघते, शेजारच्याचीही निघाली असती. पण त्याने हातातल्याची काढून दाखवली, आणि आईपुरता प्रश्न मिटला.

गाडीत मी विचारलं, जाळीचं काय मध्येच? ती म्हणाली, "अगं, भजनी मंडळात आम्ही चौदा जणी. माइक एकच. एकीच्या तोंडचा दुसरीच्या तोंडी. उष्टा माइक तोंडाशी कसा धरायचा? मला शिसारी येते."

चार महिने मी तक्ते वाचत होते. माइक लांब का धरतेस, हे तिला एकदाही विचारलं नव्हतं.

*

अंतराचं गणित साधं आहे. मोकळ्यावर अंतर निम्मं केलं की आवाजाची पातळी सहा डेसिबलने वाढते. एक वितीवरून दोन बोटांवर आलं की इतका फरक पडतो की मिक्सरवर काही वाढवायची गरजच उरत नाही, आणि कुई वाजायचं कारणही जातं. शिवाय असा माइक ओठांजवळ आला की खालचे स्वर भरून येतात, बारीक आवाजाला अंग मिळतं. त्याच्या जाळीत मागूनही आवाज आत जायला वाटा ठेवलेल्या असतात. पाठीमागून येणारा आवाज त्या वाटांमुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकदमच पोचतो आणि रद्द होतो. म्हणून स्पीकर माइकच्या पाठीमागे हवा. आणि म्हणूनच कुई वाजली की घाबरून लोक जाळी मुठीत धरतात, ते सगळ्यात चुकीचं. मुठीने त्या वाटा बंद होतात, माइक चहूबाजूंचं ऐकायला लागतो आणि कुई वाढते.

आई हे सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे आवाज लहान असला तरी चालतो?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर विचार करताना लक्षात आलं की आवाज 'पोचणं' ही अट फार जुन्या काळातली आहे. संगीत नाटकातल्या नटांना माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवावं लागायचं, तेही रात्र रात्र. १९०२ साली गौहर जान यांनी कोलकात्यात रेकॉर्ड दिली, तेव्हा समोर माइक नव्हता, भोंगा होता. त्यात जोर लावून गावं लागे, कारण सुई हलवायला गळ्याचीच ताकद होती. माइक वापरून होणारं ध्वनिमुद्रण १९२५ पासून रुळायला लागलं. त्यानंतर काही वर्षांतच मराठीत भावगीत आलं. जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांडे यांची कविता रेकॉर्डवर गायली, गजाननराव वाटव्यांनी भावगीतांचे कार्यक्रम गावोगावी नेले. कानाशी बसून सांगावं तसं गाणं आता हजार माणसांना ऐकू जाऊ शकत होतं. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला गीतरामायण आलं, तेव्हा सुधीर फडक्यांना कोणत्याही शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं नव्हतं. घराघरातल्या रेडिओत शेवटची रांग नसते.

आणि अंतर हेही वाद्यासारखं वापरता येतं. १९४९च्या 'महल'मधल्या त्या गाजलेल्या गाण्याच्या सुरुवातीला लताबाई खोलीच्या एका टोकापासून गात गात माइकपर्यंत चालत आल्या होत्या, अशी आठवण त्यांनीच सांगितली आहे. लांबून येणारा आवाज असा तयार झाला.

आईच्या गाण्याच्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. आवाज लहानच आहे. त्यांनी तो माइकशिवाय, क्लासच्या खोलीत, तंबोऱ्यावर मोजला होता. पुढे आईने तीच मोजणी सगळीकडे लावली.

*

घरच्या रेकॉर्डिंगसाठी आम्ही कपाटाची दारं उघडून त्यावर दोन गोधड्या टाकल्या आणि आईला त्यांच्याकडे पाठ करून उभं केलं. पंखा बंद. डायनॅमिक माइकमधून येणारा विद्युत संदेश फार क्षीण असतो, त्यामुळे इंटरफेसची कळ जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावी लागते आणि मागे बारीकशी सूसू राहते. ती राहू दिली. कोकीळ गेली, मिक्सर गेला. टाइल्सचं मशीन पूर्ण गेलं नाही, पण ते कशानेच गेलं नसतं.

पहिलं रेकॉर्डिंग ऐकून आई म्हणाली, "हा माझा आवाज नाही." बरोबर होतं. स्वतःचा आवाज आपण हवेतून ऐकतो तसा कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, त्यामुळे तो आपल्याला जास्त भरीव वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडं नसतात. तिने ते परत लावलं. मग परत. तिसऱ्यांदा म्हणाली, "दुसऱ्या ओळीत श्वास चोरलाय मी." त्यानंतर 'हा माझा आवाज नाही' असं ती म्हणाली नाही. पुढचे दोन महिने संध्याकाळी पाऊण तास दार बंद असायचं.

गेल्या गणपतीत ती आपला माइक पिशवीत घालून घेऊन गेली. मिक्सरवर तोच मुलगा, तेच स्पीकर. तिने माइक ओठांपासून दोन बोटांवर धरला आणि अभंग म्हटला. तिसऱ्या रांगेत मला शब्द कळले, श्वास कळला, एका जागी सूर किंचित उतरला तोही कळला. त्या काकू नंतर भेटायला आल्या. म्हणाल्या, "या वर्षी सिस्टिम चांगली होती हो."

"हो ना," आई म्हणाली, "सिस्टिम फार चांगली होती."

पुढच्या गाण्यासाठी एका सात-आठ वर्षांच्या मुलीने तो माइक तिच्याकडून घेतला, तो हातातून निसटला आणि स्टेजच्या फळीवरून खाली फरशीवर आदळला. सगळ्या स्पीकरमधून धाडकन आवाज आला. आईचा चेहरा पडला. मुलीने माइक उचलला, "हॅलो" म्हणाली, आणि तो चालू होता. जाळीला एका बाजूने चांगला पोचा आला होता. नवी जाळी वेगळी मिळते, मी तीच बसवू म्हटलं. आई नको म्हणाली. पोचा ओठांच्या समोर येईल असा धरला की माइक बरोबर सरळ राहतो, असं तिचं म्हणणं आहे.

आता भजनी मंडळात तिची पाळी आली की ती मिक्सरवाल्याला आधीच सांगते, "माझा आवाज लहान आहे, मी जवळून गाणार, तू वाढवू नकोस." चष्म्याचा नंबर सांगावा तसं सांगते. बाकीच्या तेरा जणींनाही तिने जवळून गायला लावलंय, पण प्रत्येकीने आपली स्पंजची टोपी आपल्यासोबत आणायची, या अटीवर.

रविवारी ती जाळी काढून धुते. आमच्या ओट्यावर भांड्यांच्या जाळीत चहाच्या गाळण्याशेजारी ती पालथी वाळत असते. एकदा पाहुण्यांपैकी कोणीतरी तिच्यातून चहा गाळायला घेतला होता, तेव्हापासून ती खिडकीत वाळते.