धनेशाचा संसार

एकपत्नीव्रताचा दाखला द्यायचा झाला की माणसं पाखरांची नावं घेतात. मला ते रुचत नाही. त्यात पाखरू कमी आणि आपली हौसच जास्त दिसते.

सह्याद्रीतला महाधनेश पाहा. विणीच्या हंगामात मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःच्या विष्ठेनं ढोलीचं तोंड लिंपून टाकते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी उरते. आत ती उडण्याची पिसंही गाळते. अंडी एक किंवा दोन, उबवायला साधारण 38 ते 40 दिवस, पुढे पिलाचं वाढणं. इतके दिवस तिच्या पोटात जातं ते नरानं आणलेलंच. वडा-उंबराची फळं गळ्यात साठवून तो येतो, एकेक वर काढतो आणि फटीतून भरवतो. पुन्हा जातो, पुन्हा येतो. या काळात त्याला कुणी मारलं, तर ढोलीतल्यांचा घासच तुटतो. असा नर दुसरा संसार मांडणार कधी? ही निष्ठा त्याच्या कष्टातूनच आलेली आहे, आणि म्हणूनच मला ती फार मोठी वाटते.

सुगरण पक्ष्याचं वेगळं. अलिबागजवळच्या किहीमला सलीम अलींनी त्याचं निरीक्षण केलं आणि 1931 साली ते प्रसिद्ध केलं. नर अर्धवट घरटं विणतो, मादी ते पारखून घेते. ती राहिली की नर विणकाम पुरं करतो आणि दुसरीसाठी नवं घरटं सुरू करतो. पावसाळ्यात दाणे-किडे भरपूर, पिलांना भरवणं बहुतेक मादीच निभावते. तळ्यावरच्या कमळपक्ष्यात तर मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. उबवणं, पिलं सांभाळणं नराकडे. यात कुणाला बदफैली म्हणायचं?

पक्ष्यांच्या दहापैकी नऊ जाती जोडीनं राहतात, असं पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी 1968 साली लिहिलं. पुढे डीएनए तपासणी आली आणि चिमणीसारख्या कितीतरी जातींत घरट्यातली काही पिलं दुसऱ्याच नराची निघाली. तरी त्यांना चारा भरवणाऱ्या नराचे कष्ट खोटे ठरत नाहीत.

मला काळजी आहे ती ढोलीची. धनेशाला ती स्वतः कोरता येत नाही. सापडलेल्या ढोलीकडे जोडी वर्षानुवर्षं परतते. कोकणातलं बरंचसं जंगल खाजगी मालकीचं आहे. तिथे भेळ्याचा जुना वृक्ष तोडायला काढण्याआधी मालकानं निदान एक हंगाम त्याच्या ढोलीवर नजर ठेवावी.